परी, सटवाई आणि सहाव्या रात्रीचे कोरे पान

धाकट्या सुनेला दुसरी मुलगी झाली, त्याला त्या दिवशी सहावा दिवस होता. संध्याकाळी पाळण्याजवळ पाट मांडला, त्यावर कुंकवाची रांगोळी काढली, समई लावली. पेढीवरून मुद्दाम मागवलेल्या लाल कापडी बांधणीच्या नव्या वहीचे एक कोरे पान पाटावर ठेवले आणि शेजारी लेखणी ठेवली. माझे माहेर सांगलीकडचे, मराठी बोलणारे, सासर मारवाडी. माहेरी या रात्री सटवाई येते असे म्हणत, सासरी बेमाता येते असे म्हणतात, आणि आमच्या गुजराती व्याही मंडळींकडे विधाता येतात. नावे तीन, काम मात्र एकच: बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिणे.

आठ वर्षांची थोरली नात हे सारे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, “दादी, रात्री फेअरी येणार ना? म्हणजे परीच ना? मग तिला पंख असतील!”

मी उत्तर देणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या आत्येसासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, “कसली परी! दुसऱ्यांदाही सटवीने तेच लिहिले.”

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. सुनेने बाळाच्या अंगावरचे दुपटे उगाचच सारखे केले. सकाळपासून दूरध्वनीवर “आमच्याकडे परी आली” असे आम्हीच सर्वांना सांगत होतो. आणि त्याच घरात, त्याच मुलीबद्दल हा सुस्कारा. नातीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. फेअरी म्हणजे परीच का, आणि परी म्हणजे सटवाई का? त्या प्रश्नामागे लागून मी पुढचे काही आठवडे जे वाचले आणि जे जुने आठवले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवते.

फेअरीची आई नियती

‘फेअरी’ आणि ‘परी’ हे दोन शब्द उच्चाराने इतके जवळचे की ते एकाच घरातले वाटावेत. प्रत्यक्षात त्यांचे गोत्र वेगळे आहे.

फेअरी हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. फ्रेंचमध्ये अशा दिव्य स्त्रीला ‘फे’ म्हणतात आणि तिच्या मायावी प्रदेशाला ‘फेरी’ म्हणत. इंग्रजीतही प्रारंभी फेअरी म्हणजे तो प्रदेश, ती माया. पुढे त्या प्रदेशात राहणाऱ्या व्यक्तीलाच ते नाव चिकटले. ‘फे’चे मूळ लॅटिन ‘फाता’ या शब्दात आहे. फाता म्हणजे भाग्याच्या देवता. त्याचे एकवचन ‘फातुम’, म्हणजे नियती. आणि तेही ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेले. एकदा उच्चारले गेले, ते टळत नाही, ते फातुम. बालपुस्तकांतल्या चांदीच्या कांडीवाल्या फेअरीची खरी आजी अशी गंभीर आहे: मनुष्याच्या जन्मवेळी त्याचे भवितव्य बोलून जाणारी.

ही जुनी ओळख कथांनी जपून ठेवली आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाचा कथासंग्रह 1697 साली निघाला. त्यातील निद्रिस्त राजकन्येच्या कथेत बारशाला सात फेअरी बोलावल्या जातात आणि एकेक जण बाळाला रूप, बुद्धी, गळा असे गुण देते. आमंत्रण न मिळालेली आठवी वृद्ध फेअरी मात्र मृत्यूचा शाप देऊन जाते. त्याच वर्षी मादाम दोल्नुआ या लेखिकेने आपल्या संग्रहाच्या नावातच ‘फेअरींच्या कथा’ हे शब्द वापरले आणि त्या प्रकाराला नाव मिळाले. आपण मराठीत त्याचेच ‘परीकथा’ केले.

बाळाच्या पाळण्याशी येणाऱ्या, मान ठेवला तर प्रसन्न आणि विसरलात तर कोपणाऱ्या या बायका आपल्याला अनोळखी आहेत काय? षष्ठी या संस्कृत शब्दापासून सटवी झाली आणि तिला ‘आई’ जोडून सटवाई. षष्ठी म्हणजे सहावी तिथी, तसेच सहाव्या दिवसाची बालरक्षक देवता. अर्थाने पाहिले तर फेअरीची खरी बहीण सटवाई, बेमाता, विधाता या घरातली आहे. थोरल्या नातीने कोरे पान पाहून ‘फेअरी येणार का’ म्हणून विचारले, ते अजाणता अगदी बरोबर होते.

परीचा प्रवास

मग परी कोण? हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचे जुने रूप पारशी बांधवांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, सापडते. तेथे तो ‘पइरिका’ असा आहे. पइरिका सुंदर, परोपकारी वगैरे मुळीच नाही. ती भुरळ घालणारी, दुष्ट शक्ती आहे. पावसाचा तारा तिश्त्र्य याच्या स्तोत्रात तुटणाऱ्या ताऱ्यांना पइरिका म्हटले आहे. आणि एका पइरिकेचे नावच ‘दुझ्याइर्या’ आहे, म्हणजे ‘वाईट वर्ष’. पाऊस न पडलेले, पीक बुडालेले वर्ष. दुष्काळाला स्त्रीचे रूप देऊन त्याच्याशी झुंजणाऱ्या ताऱ्याची ही प्रार्थना आहे.

पुढे इराणमध्ये धर्म बदलला, भाषा बदलली, आणि पइरिकेचे दैव पालटले. फिरदौसीने 1010 साली शाहनामा पूर्ण केला, त्या फारसीत ‘परीसारखा चेहरा’ ही सौंदर्याची स्तुती आहे. दुष्टपणा गळून गेला आणि भुरळ तेवढी राहिली. त्याच फारसीतून परी हिंदुस्थानात आली, उर्दूत रमली, आणि एके दिवशी थेट इंद्राच्या दरबारात जाऊन बसली.

लखनौच्या आगा हसन अमानत यांचे ‘इंदरसभा’ हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे संगीत नाटक प्रसिद्ध आहे. इंद्राच्या सभेत अप्सरा असाव्यात. अमानत यांनी तेथे पऱ्या आणल्या. पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज परी. जवाहिऱ्यांच्या घरातील वाचकांना हे सांगायला नको की पुखराज, नीलम आणि लाल ही रत्नांची नावे आहेत. पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी हा खेळ मुंबईच्या रंगभूमीवर गाजवला आणि परी घरोघरी माहीत झाली. आज आपण एस.टी.च्या तांबड्या गाडीला कौतुकाने लालपरी म्हणतो. अवेस्तातील दुष्काळाच्या चेटकिणीचे नाव गावोगावच्या माणसांना बाजाराला नेणाऱ्या गाडीला मिळावे, हे शब्दाचे केवढे भाग्य!

परी अशी वर चढली. आपल्या घरचे काही शब्द मात्र खाली उतरले.

खाली उतरलेली नावे

यात्रेची जत्रा होते, यवाचे जव होतात. क्षीराची खीर होते. त्याच वळणाने यक्षाचा प्राकृतात ‘जक्ख’ झाला आणि यक्षिणीची मराठीत ‘जखीण’ झाली. आपल्या आगमांच्या भाषेत जक्ख हा सन्मानाचा शब्द आहे. मराठी खेड्यात जखीण म्हणजे झपाटणारे बायकी भूत.

हा शब्द किती आदराचा होता, याची साक्ष आपल्या रोजच्या स्मरणात आहे. आर्य स्थूलभद्रांच्या सात बहिणींची नावे अनेक घरांत सकाळी घेतली जातात: यक्षा, यक्षदत्ता, भूता, भूतदत्ता, सेना, वेणा, रेणा. नंद राजाच्या मंत्र्याच्या घरात लेकींची नावे यक्षा आणि भूता अशी ठेवली जात होती! या सातही जणी स्मरणशक्तीसाठी विख्यात. सातही जणींनी दीक्षा घेतली. आज कोणी मुलीचे नाव भूता ठेवील काय?

तत्त्वार्थसूत्राने या सर्वांची नोंद शांतपणे केली आहे. व्यंतर देवांचे आठ प्रकार: किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत आणि पिशाच. भूत आणि पिशाच हेही तेथे देवगतीतले जीव आहेत, मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा नव्हेत. त्यांचे आयुष्य कमीत कमी दहा हजार वर्षांचे, पण ते संपणारे. त्यांनाही कर्म आहे, च्यवन आहे, आणि मोक्षासाठी त्यांनाही मनुष्यजन्मच घ्यावा लागतो. ज्याला आपला जन्म हवाहवासा वाटावा, त्याला आपण भ्यावे कशाला?

वेरूळला बत्तीस क्रमांकाच्या जैन लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणतात. तेथे हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वीच्या पाहणाऱ्यांनी इंद्र मानले आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेल्या देवीला इंद्राणी. ती इंद्राणी नव्हे. ती भगवान नेमिनाथांची शासनदेवी अंबिका. तिची कथा निरनिराळ्या ग्रंथांत थोड्या फरकाने येते, पण गाभा एक आहे. एका गृहिणीने घरी श्राद्धासाठी केलेल्या अन्नातून मुनींना आहारदान दिले. त्या अपराधासाठी तिला घराबाहेर काढले गेले, आणि दोन लहान मुले घेऊन ती निघाली. पुढे देह ठेवल्यावर ती यक्षी झाली. वेरूळच्या पाषाणात तिच्याजवळ मूल आहे, माथ्यावर आंब्याची डहाळी आहे, आणि चेहऱ्यावर राग नाही.

मला त्या मूर्तीपुढे उभे राहिलेले आठवते. आपल्या परंपरेने घराबाहेर काढलेल्या सुनेला यक्षी म्हणून वंदनीय केले. आणि आपल्याच लोकभाषेने यक्षिणीची जखीण करून तिच्या नावाने सुनांना हिणवले.

हे एकट्या जखिणीचे झाले नाही. अप्सरा म्हणजे पाण्यात संचार करणारी. तिची मराठीत ‘आसरा’ झाली. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहाजवळ सात दगडांना कुंकू लावून साती आसरांची पूजा होते. आणि त्याच आसरा पोराबाळांना धरतात म्हणून त्यांचे भयही असते. सटवाईचे तर काय सांगावे! बाळाचे भाग्य लिहिणारी देवता, आणि ‘सटवी’ ही भांडणातली शिवी. आत्येसासूबाईंच्या त्या एका वाक्यात देवता आणि शिवी यांतील भेद उरला नव्हता.

भयाचे घर

या नावांमागे भय आहे, आणि ते भय खोटे नव्हते. पूर्वी बाळंतघरातून बाळ आणि आई दोघेही सुखरूप बाहेर येतील याची खात्री नसे. आपल्याकडे बाळाच्या उशाखाली विळा, सुरी किंवा अडकित्ता ठेवत. आयर्लंडमध्ये त्याच हेतूने पाळण्यावर चुलीचा लोखंडी चिमटा आडवा ठेवत. कारण तेथील समजुतीप्रमाणे फेअरी निरोगी बाळ पळवतात आणि त्याच्या जागी आपले रडके, किडके मूल ठेवतात. लोखंडाला त्या भितात. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन मुलुखांतल्या आयांनी बाळाच्या उशाशी एकच धातू ठेवला, कारण दोघींचे भय एकच होते.

आयरिश लोक फेअरींचे नाव घेण्यासही कचरत. त्यांना ते ‘भली माणसे’ म्हणत. वेल्श लोक ‘गोरे कुटुंब’ म्हणत. जिचे भय वाटते तिला गोड नाव द्यायचे, ही रीत आपल्यालाही ठाऊक आहे. आपण देवीच्या रोगाला ‘देवी’ म्हटले आणि पाण्यातल्या आसरांना कोठे कोठे ‘मावलाया’ म्हटले.

परंतु भय घरात राहू दिले की ते एक दिवस घरच्याच माणसावर उलटते. 1895 सालच्या मार्च महिन्यात आयर्लंडच्या टिपररी परगण्यात बॅलीव्हॅडली नावाच्या खेड्यात ब्रिजेट क्लिअरी ही तरुण विवाहिता आजारी पडली. ती कपडे शिवणारी, कोंबड्या पाळून अंडी विकणारी, स्वतःचे चार पैसे मिळवणारी बाई होती. ताप उतरेना, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या मनाने घेतले की ही आपली बायकोच नव्हे. फेअरींनी खरीला नेले आणि ही दुसरी ठेवली. जडीबुटीचा काढा तिला बळेच पाजला. ‘तू ब्रिजेटच का’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारले. तिचे वडील व नातलग घरात होते. 15 मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळले. आठवड्याने तिचे प्रेत उथळ खड्ड्यात सापडले. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी 20 वर्षांची शिक्षा दिली.

आपल्या मुलींच्या वाढदिवसाच्या केकवर पंख पसरून बसते ती फेअरी आणि ब्रिजेटच्या मरणाचे निमित्त झालेली फेअरी, यांचा शब्द एकच आहे. आपल्याकडेही चेटकीण म्हणून, अंगात भूत आहे म्हणून बायकांना छळल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. म्हणूनच महाराष्ट्राला 2013 साली नरबळी आणि जादूटोणा प्रतिबंधाचा कायदा करावा लागला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या घरात कोणी कोणाला जाळत नाही, हे खरे. आपल्या घरात सुस्कारा टाकतात. पण बाळंतिणीच्या कानावर पडलेला सुस्काराही तिला आयुष्यभर आठवतो. माझ्या दोन्ही बाळंतपणांतील असे शब्द मला आजही पाठ आहेत.

पानावर कोण लिहिते?

जैन घरात सहाव्या रात्री कोरे पान ठेवावे का, असा प्रश्न मला त्यानंतर पुष्कळदा पडला. कपाळी लिहिणारी दुसरी कोणी आहे असे मानले, तर कर्मसिद्धांताला जागा कोठे? आयुष्य, नाम, गोत्र, वेदनीय ही कर्मे जीव स्वतः बांधतो आणि स्वतःच भोगतो. तेथे यक्षी लिहीत नाही, सटवाई लिहीत नाही, स्वतः तीर्थंकरही कोणाचे लिहीत नाहीत.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. सटवाईला घराबाहेर काढून तिच्या जागी ‘हे तुझ्या कर्माचे फळ’ असे सुनेला ऐकवायचे असेल, तर काहीच बदलले नाही. शिवी तेवढी शास्त्रातून घेतली. कर्मसिद्धांत ही आपली स्वतःची वही तपासण्याची रीत आहे. दुसऱ्याची वही उघडून त्यात तूट शोधण्याचा अधिकार तो कोणाला देत नाही. आणि मुलगी ही तूट कशी? भगवान महावीरांच्या संघात 14,000 साधू होते आणि आर्या चंदनेच्या नेतृत्वाखाली 36,000 साध्वी. तो हिशेब आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो आणि घरी येऊन विसरतो.

मग सहाव्या रात्रीचे करायचे काय? उत्तर कल्पसूत्रातच होते. भगवान महावीरांच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी चंद्रसूर्यांचे दर्शन, सहाव्या दिवशी धर्मजागरण आणि बाराव्या दिवशी नामकरण, असे वर्णन तेथे आहे. सहावी रात्र जागायची आहेच. फक्त लिहिणारी येईल म्हणून भीत जागायचे नाही, धर्मस्मरणात जागायचे.

त्या संध्याकाळी मला हे सारे माहीत नव्हते. मी एवढेच केले. आत्येसासूबाईंजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटले, “आत्याजी, तुमच्या वेळी या रात्री कोणी काय म्हटले होते?” त्या बराच वेळ समईकडे पाहत राहिल्या. त्यांनाही पाठोपाठ तीन मुलीच झाल्या होत्या. मग त्यांनी बाळाला मांडीवर मागितले आणि नवकार म्हणायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत त्यांनी बाळ खाली ठेवले नाही.

सकाळी थोरली नात धावत पाटाशी गेली. पान कोरेच होते. तिचे तोंड उतरले. “दादी, फेअरी आलीच नाही!”

मी तिला दिवाळीच्या वहीपूजनाची आठवण दिली. पहिल्या पानावर आपण काय लिहितो? गौतमस्वामींची लब्धी असो, शालिभद्राची ऋद्धी असो, अभयकुमाराची बुद्धी असो, अशा इच्छा लिहितो. “आणि मग पुढच्या पानांवर?” तिने विचारले. पुढच्या पानांवर, मी म्हटले, आपण जे घेऊ आणि देऊ तेच चढते. ते लिहायला दुसरे कोणी येत नाही. बहीण मोठी होईल तसे तिचे पान ती लिहील. पहिल्या पानावर इच्छा मात्र आपण लिहू शकतो.

तिने लेखणी उचलली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत आधी ‘श्री’ काढला. त्याखाली थोडा विचार करून तिने लिहिले, ‘हिला माझी सायकल मिळो.’

ते पान सुनेने जपून ठेवले आहे.